एकवीस की वीस एक? : आपल्या मुलांच्या गणिताविषयी

॥ श्री गणेशाय नमः ॥

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला मुलांच्या अभ्यासावर चार शब्द बोलायला सांगितलं. आम्ही शिक्षक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेली माणसं आम्ही. मोजमापं, इस्टिमेट आणि बिलं यांत आमचा दिवस जातो. म्हणून अभ्यासातला एकच विषय घेतो, गणित. त्यातलाही एकच वाद घेतो, जो गोडादऱ्यातल्या घराघरांत रोज संध्याकाळी चालतो. आजोबा म्हणतात, आधी तीसपर्यंत पाढे पाठ कर. शाळा म्हणते, घोकू नको, समजून घे. आणि पोरगं म्हणतं, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे ना!

बाप्पाला आपण एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवतो, एकवीस दूर्वांची जुडी वाहतो. याच ‘एकवीस’वरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं. वर्तमानपत्रं भरून गेली, विषय विधानसभेत पोहोचला, खुद्द मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, जोडीला सोपी वाट दिली आहे. मराठीतल्या संख्यांच्या नावांत जोडाक्षरं फार, आणि बोलायचा क्रम लिहायच्या क्रमाच्या उलटा. ‘त्रेपन्न’ म्हणताना तोंडात तीन आधी येतो, पाटीवर मात्र पाच आधी लिहायचा. सहा-सात वर्षांचं मूल तिथे गोंधळतं आणि ५३ च्या जागी ३५ लिहितं. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथल्या मुलांना हा अडथळा येत नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही टाकाऊ नव्हतं. बाजारात, बसमध्ये, घरात माणसं ‘त्रेपन्न’च म्हणणार. मुलाला ते कळलं नाही तर आजीशी त्याचा हिशेब जुळायचा कसा?

महाराष्ट्रात हा वाद दोन वाचनांचा होता. आपल्याकडे सुरतेत तो चार भाषांचा आहे. घरात पंचेचाळीस, गल्लीत पिस्तालीस, कारखान्यात पैंतालीस आणि शाळेत फोर्टी फाइव्ह. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत शिकून मोठी झालेली पिढी आज आई-बाप झाली आहे, आणि त्यांची बरीच मुलं इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात जातात. परिणाम असा की आजोबांना हिशेब तोंडपाठ येतो, पण तो नातवापर्यंत पोहोचत नाही. नातू विचारतो, पंचेचाळीस म्हणजे किती? आजोबांना वाटतं पोरगं कच्चं आहे, आणि पोराला वाटतं आजोबांना शाळेचं गणित येत नाही. दोघांचंही चुकतं, आणि मधे नुकसान होतं ते गणिताचं.

आम्हाला वाटतं, इथे भांडण नाहीच, क्रम ठरवायचा आहे. आधी वस्तू, मग अर्थ, मग नाव, मग पाठांतर. चाळीस आणि पाच हे मुलाने शेंगदाण्यांच्या दहा-दहाच्या ढिगांत हाताने मोजावं. मग त्याला सांगावं की याला आपण पंचेचाळीस म्हणतो. ही वाट नवी नाही आणि परकीही नाही. ताराबाई मोडक या मराठी बाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि पुढे आपल्याच रेल्वेमार्गावरच्या डहाणू तालुक्यात, बोर्डी-कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने ते आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. महागडी साधनं परवडत नाहीत तर आजूबाजूला मिळतील त्या वस्तू घेऊन शिकवायचं, अशी त्यांची रीत. मराठी आणि गुजराती दोन्ही हातांनी उभं राहिलेलं हे काम आहे. सुरतेतल्या मराठी माणसाने तर ते विसरू नये.

अर्थ कळला की जुन्या नावांतलं धनही कामाला येतं. ‘एकोणपन्नास’ म्हणजे एक कमी पन्नास. ते ज्या मुलाला उमगलं, त्याला ४९ साडीपिनांच्या सहा पाकिटांचा हिशेब कागदावर करावा लागत नाही. सहा पन्नास तीनशे, त्यातून सहा गेले, २९४. हे नुसत्या पाठांतराने येत नाही आणि पाठांतरावाचूनही येत नाही. ‘सहा पन्नास तीनशे’ जिभेवर नसेल, तर डोकं त्यातच अडकून बसतं आणि पुढची युक्ती सुचायला जागाच उरत नाही. पाढ्यांचं खरं काम एवढंच, डोकं मोकळं ठेवणं. आणि समजुतीचं काम हे की पाढा विसरला तरी वाट सापडावी. सात आठे आठवत नाही? साते साते एकोणपन्नास, त्यात आणखी सात घाल, छप्पन्न.

आता आपल्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. शंभर मीटरचा ताका आहे. ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटरची एक साडी. किती साड्या निघतील आणि कापड किती उरेल? कॅल्क्युलेटर सांगतो १८.१८. मग पोरगं म्हणतं, अठरा साड्या आणि अठरा सेंटिमीटर कापड उरलं. मार्केटमध्ये कापड कापणारा माणूस हे ऐकून हसेल. त्याचा हिशेब असा : दोन साड्यांना अकरा मीटर, अकरा नव्वे नव्व्याण्णव, म्हणजे साड्या अठरा आणि उरला अख्खा एक मीटर. कॅल्क्युलेटरचं उत्तर चूक नव्हतं. ते .१८ एका साडीचे होते, मीटरचे नव्हते, एवढं ओळखणारी समज मुलाजवळ नव्हती. आमच्या नोकरीतही हेच आहे. बेरीज कॉम्प्युटर करतो, पण आकडा अवाच्या सवा आला आहे हे नजरेला कळावं लागतं.

मग बाजारातला हिशेब आला की झालं का? तसंही नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेल विजेत्यांनी इतर संशोधकांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. ही मुलं गिऱ्हाइकाशी अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करत होती, पण तसंच गणित शाळेच्या रीतीने कागदावर दिलं की अडखळत होती. उलट, फक्त शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी होती आणि बाजारातल्या हिशेबात गडबडत होती. आपल्या वस्तीत सुट्टीच्या दिवशी दुकानावर बसणारी, घरी लेस-टिकलीच्या कामाला हात लावणारी मुलं कमी नाहीत. त्यांच्या डोक्यात गणित आहे. त्यांच्या वहीपर्यंत ते नेणारं कोणी नाही, आणि दहावीचे गुण वहीवर मिळतात.

हे आत्ताच बोलण्याचं कारण म्हणजे दहावीला आता स्टँडर्ड आणि बेसिक असे गणिताचे दोन पर्याय आहेत. ज्याला पुढे गणित घ्यायचंच नाही, त्याला बेसिक बरं. पण नुसत्या भीतीपोटी घेतलेला पर्याय पुढची वाट अडवू शकतो. विशेषतः मुलींच्या बाबतीत ‘हिला कशाला अवघड’ असं आपण चटकन म्हणून जातो. निर्णय घेण्याआधी शाळेत नीट चौकशी करा आणि मुलीला स्वतःला विचारा.

मंडळी, आपल्यातले बहुतेक जण तापी काठाने, खान्देशातून इथे आले. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापला, अशी नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ रचली. नियम श्लोकांत, म्हणजे पाठ करायला सोपे. आणि उदाहरणं भुंग्यांची, हंसांची, मोर आणि सापाची, म्हणजे विचार केल्याशिवाय सुटायची नाहीत. आज आपण ज्या दोन बाजू मांडून भांडतो, त्या आपल्या मातीत साडेआठशे वर्षांपूर्वी एकाच पोथीत नांदत होत्या. आणि ते प्रश्न एका मुलीला विचारले होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. दर रविवारी हॉलमध्ये एक तास गणिताला द्यावा. शिकवणी नको, फी नको. आपल्यातले निवृत्त लूम कारागीर, शिवणकाम करणाऱ्या ताई, दुकानदार काका यांनी आपला एक हिशेब तोंडी सांगावा. सव्वा, दीड, अडीच, औट यांचे जुने पाढे ज्यांना येतात त्यांनी ते म्हणून दाखवावेत. नववी-दहावीच्या मुलांनी तोच हिशेब फळ्यावर शाळेच्या रीतीने मांडावा. लहानांनी तो आकडा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत म्हणावा. आजोबांचं गणित वहीत उतरेल आणि नातवाचं गणित घरात येईल. फळा आणि खडू आम्ही आणतो. पहिला रविवार अनंत चतुर्दशीनंतरचा ठरवू या.

गणपती बाप्पा मोरया!