जंतूंच्या घरचे पाचकरस

आज जेवताना भाकरीचा एक घास जरा जास्त वेळ चघळून पाहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. साखर तर घातली नव्हती. मग ही गोडी आली कोठून? आपल्या लाळेत एक द्रव्य असते, ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवते. अशा द्रव्याला एन्झाइम म्हणतात, मराठीत विकर. हे कसब काही आपल्या एकट्याचे नाही, बरं का. बुरशीला आणि जंतूंना ना तोंड, ना पोट. ते आपली विकरे अंगाबाहेर सोडतात, अन्न बाहेरच पचवतात आणि मग शोषून घेतात. माणसाची सोय नेमकी येथेच झाली. बाहेर आलेले विकर गोळा करता येते.

ही सोय जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने हेरली. त्याचे आजोळ साके गाळणाऱ्यांचे. साकेसाठी वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात; ती तांदळाची साखर करते. व्हिस्कीवाले हेच काम मोड आणलेल्या जवाकडून करून घेत. ताकामिने अमेरिकेत पिओरिया गावी आला आणि त्याने गव्हाच्या कोंड्यावर, म्हणजे गुरांच्या खुराकावर, कोजी वाढवून दाखवली. मोडाच्या जवाचे व्यापारी अर्थातच बिथरले. त्यातच कारखान्याला आग लागली आणि व्हिस्कीचा बेत फसला. पण गड्याने बुरशी सोडली नाही! बुरशी धरलेला कोंडा त्याने पाण्यात भिजवला, निवळीत अल्कोहोल घातले. विकर तळाशी बसले. १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि ‘टाका-डायस्टेज’ या नावाने ते अपचनावरचे औषध म्हणून विकले जाऊ लागले.

पाव, फळांचे रस, मक्यापासून ग्लुकोज, सगळीकडे आता अशी विकरे राबतात. चीज करताना दूध विरजायला पूर्वी वासराच्या जठरातले रेनेट लागे. आता तेही काम बुरशीकडून होते, म्हणून शाकाहारी मंडळींनी वेष्टनावर ‘मायक्रोबियल रेनेट’ हे शब्द शोधावेत.

औषधाची गोष्ट मात्र निराळी. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा रस रक्ताची गुठळी विरघळवतो, हे टिलेट आणि गार्नर यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्यातले द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. (काटेकोरपणे बोलायचे तर हे स्वतः विकर नव्हे, आपल्याच रक्तात निजलेल्या विकराला ते जागे करते.) हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बुजली तर याचा उपयोग होईल, हा तर्क सोपा होता, पण तर्कावर कोणाच्या शिरेत सुई कशी टोचणार? अखेर इटलीत ११,८०६ रुग्णांवर परीक्षा झाली. १९८६ मध्ये निकाल छापला गेला. नेहमीच्या उपचारावर २१ दिवसांत शेकडा १३ दगावले, हे औषध दिलेल्यांत १०.७. आणि दुखू लागल्यापासून तासाच्या आत औषध मिळालेल्यांत? तेथे शेकडा १५.४ वरून आकडा ८.२ वर आला. छातीत कळ आल्यावर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसणाऱ्यांनी हे दोन आकडे जरूर ध्यानात ठेवावेत. औषधाला धोकाही आहे, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते इस्पितळातच देतात.

आता उलट बाजू. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका जंतूपासून सेराशिओपेप्टिडेज नावाचे विकर काढले. सूज उतरवणारे म्हणून त्याच्या गोळ्या जपानमध्ये अनेक वर्षे खपल्या. मुळात विकर हे प्रथिन. गिळले की पोट त्यालाच डाळीसारखे पचवू पाहते, म्हणून गोळीवर खास लेप देतात. पुढे पुन्हा कसून परीक्षा घेतली, तेव्हा खरी गोळी आणि नुसती दिखाऊ गोळी यांत फरक दिसेना. २०११ मध्ये टाकेडा कंपनीने आपली गोळी जपानच्या बाजारातून स्वतःच मागे घेतली. आपल्याकडे मात्र दाढ काढल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीत हे नाव अजून भेटते. भेटले, तर ही गोळी नेमकी कशासाठी, एवढे डॉक्टरांना विचारा.