परावलंबनाचा हिशेब

उतईपासून थोड्याच अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज राजहऱ्याच्या खाणींतून आणि चुनखडक नंदिनीहून येई. आलेला माल कोणत्या खाणीचा, त्यात लोह किती, सिलिका किती, हे पाहिल्यावाचून तो भट्टीत टाकणे कोणाही पोलादतज्ज्ञाला रुचणार नाही. आजचे सॉफ्टवेअरही असेच बाहेरून आणलेल्या मालावर उभे असते. मात्र येथे तो माल पुष्कळदा न तपासताच भट्टीत पडतो.

सॉफ्टवेअर रचणारा मनुष्य सारे काही स्वतः लिहीत नाही. इतरांनी तयार ठेवलेली पॅकेजे तो वापरतो; त्या पॅकेजांना आणखी पॅकेजे लागतात. ही साखळी सांभाळणारी साधने निरनिराळी आहेत : जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथनसाठी पिप, जावासाठी मेव्हन, रस्टसाठी कार्गो. अशा साधनांची पारख कशी करावी, एवढाच आजचा विषय.

मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएमच्या भांडारातून काढून घेतले आणि जगभर अनेक प्रकल्पांची उभारणी अडली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा पॅकेजातील गंभीर दोष उघडकीस आला. दुरुस्ती करण्यापूर्वी अनेक संस्थांना हेच शोधावे लागले की, हे पॅकेज आपल्याकडे आहे तरी कोठे कोठे!

साधन निवडताना प्रथम वेगाकडे लक्ष जाते. माझ्या मते तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिला : प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती आणि तिचा अंकीय ठसा हे साधन नोंदवून ठेवते काय? या नोंदीला लॉक-फाइल म्हणतात. कार्गो व एनपीएम ती आपण होऊन ठेवतात. पिपच्या साध्या वापरात ती होत नाही, म्हणून पोएट्री किंवा यूव्ही यांचा आधार घेतला जातो. दुसरा : सर्व पॅकेजांच्या प्रती स्वतःच्या भांडारात ठेवून, बाहेरचे जाळे बंद असतानाही उभारणी करता येते काय? तिसरा : प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशा साऱ्या घटकांची यादी मागताक्षणी मिळते काय? केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२४ मध्ये अशा घटकसूचीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

कोणी म्हणेल, आवृत्त्या अशा बांधून ठेवल्या तर जुने दोषही बांधले जातील. आक्षेप खरा आहे. म्हणूनच ठरावीक मुदतीने, चाचणी घेऊन त्या बदलणे हेही त्याच कामाचा भाग मानले पाहिजे. जो बदल व्हावयाचा तो आपल्या निर्णयाने व्हावा, नकळत होऊ नये.

सरकारी प्रणाली वर्षानुवर्षे चालतात. त्या लिहिणारे ठेकेदार जातात, मंजुरी देणारे अधिकारी बदलतात. निवृत्तिवेतन मात्र दर महिन्याला वेळेवर पोहोचावे लागते. उद्या त्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाला मागचे कोणी भेटेलच असे नाही. आपण काय वापरले आणि कोठून आणले, हे त्याला नोंदीवरूनच कळावे. साधन निवडताना हाच विचार मुख्य असावा.