फवारणी आणि पुरुषाचे प्रजनन-आरोग्य



बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी या भागांत कपाशी हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. खरिपात पाठीवर पंप घेऊन फवारणीस जाणारा बहुधा घरातील तरुण पुरुषच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते संकट सर्वांना दिसले. आज न दिसणाऱ्या हानीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

पुरुषाच्या वृषणात शुक्रपेशी अखंड तयार होत असतात. मूळ पेशीपासून शुक्रपेशी बनण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. सतत विभाजन पावणाऱ्या या पेशी काही विषांपुढे फार नाजूक ठरतात. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कारखान्यात, आपणांस मुले होत नाहीत, ही गोष्ट कामगारांच्याच ध्यानात आली. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रपेशी अत्यल्प आढळल्या. काहींच्या वीर्यात मुळीच नव्हत्या. एरवी ही माणसे धडधाकट होती. संपर्क थांबल्यावर काहीजण सुधारले, काहींचे नुकसान कायम राहिले.

प्रत्येक औषध असाच परिणाम करते असे नाही. परंतु शरीरात शिरण्याची बहुतेकांची मुख्य वाट म्हणजे त्वचा. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या पॅराथिऑनवरील प्रयोगात वृषणावरील त्वचेने हाताच्या त्वचेपेक्षा सुमारे बारापट औषध शोषले. गळका पंप आणि कमरेएवढी ओली कपाशी नेमका हाच भाग भिजवितात. डब्यावरील लाल, पिवळी, निळी वा हिरवी खूण तात्काळ विषबाधेची तीव्रता दर्शविते. हिरवी खूण म्हणजे प्रजननास अभय नव्हे.

म्हणून हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा. पंपाची गळती आधी दुरुस्त करावी, कमरेखाली प्लास्टिकचे आवरण बांधावे, वाऱ्याच्या दिशेनेच फवारावे. काम संपताच साबणाने स्नान करावे व ते कपडे वेगळे धुवावेत. शिक्षकांनी ही माहिती पालकसभेत संकोच न बाळगता सांगावी.

आणखी एक गोष्ट. मूल झाले नाही की दोष सुनेच्या माथी येतो, प्रसंगी तिचा संसारही मोडतो. पतीची तपासणी मात्र होत नाही. वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. म्हणूनच दोघांचीही तपासणी व्हावी आणि पतीने आपण फवारणी करतो हे डॉक्टरांना सांगावे. पीक वाचविताना पुढची पिढी आणि घरच्या सुनेचा मान, दोन्ही राखणे आपल्या हाती आहे.