घराकडे येणारा पैसा कां आटतो?

दिवाळी सरली, भात झोडून कणगींत पडलें, कीं डहाणू व तलासरी तालुक्यांतील आदिवासी पाडे ओस पडूं लागतात. कोणी वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातो, कोणी मुंबईच्या परिसरांतील इमारतींच्या कामावर. सौराष्ट्रांतील बंदरांवर जाणारे खलाशी तर पावसाळी मासेमारीबंदी उठतांच निघून गेलेले असतात. मागें उरतात तीं बहुधा म्हातारीं माणसें. त्यांची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते: मुलगा पहिल्यानें पैसे पाठवीत असे, आतां त्याचा हात आखडला. हा दोष मुलाच्या मनाचा कीं परिस्थितीचा, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

वीटभट्टीवर जाणारें कुटुंब पावसाळ्यांतच मुकादमाकडून उचल घेतें. त्या पैशावर अडचणीचे महिने निघतात, आजारपण किंवा लग्नकार्य पार पडतें. पुढें सारा हंगाम ती उचल फेडण्यांत जातो. हातीं येते ती आठवड्याची खर्ची. जी मजुरी मिळण्यापूर्वींच खाऊन झाली, तिच्यांतून घरीं काय पाठवावयाचें? या भागांत पूर्वीं लग्नासाठीं कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्या लग्नगड्यांची प्रथा होती. आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी येथें १९४५ च्या मे महिन्यांत वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्या वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. ती प्रथा गेली; परंतु आगाऊ पैशाचें ओझें अजून पुरतें उतरलेलें नाहीं.

शहरांत स्थिर होणाऱ्याची गोष्ट निराळी. आरंभीं तो चारचौघांबरोबर एका खोलींत निजतो, मिळेल तें खातो आणि उरलेलें घरीं धाडतो. पुढें बायको येते, मुलें शाळेंत जातात, भाडें वाढतें. गांवचें कर्ज फिटलेलें असतें, बहिणीचें लग्न उरकलेलें असतें. कालांतरानें आईबापही जातात. मिळकत तीच, पण चूल मात्र दुसऱ्या गांवीं पेटलेली असते.

रत्नागिरीकडील गिरणी कामगारांचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. आपल्या देशांत टपालाची मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली, आणि कोंकणांतील असंख्य घरें पुढें तिच्यावरच चाललीं. मुंबईच्या खोलींत जागा नसल्यामुळें बायकामुलें व शेती गांवींच राहिली, म्हणून वर्षानुवर्षें पैसे येत राहिले. १९८२ च्या संपानंतर अनेकांची नोकरीच गेली. तेव्हां मनीऑर्डरही थांबली.

टोंगा व सामोआ या बेटांतील स्थलांतरितांविषयीं रिचर्ड ब्राउन यांचा अभ्यास १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतही केवळ काळ लोटल्यानें रक्कम घटते असें आढळलें नाहीं. त्यापूर्वीं १९८५ सालीं ल्यूकस व स्टार्क यांनीं बोट्स्वानाच्या पाहणीवरून दाखविलें कीं, पैसे पाठविण्यामागें मायेबरोबरच वारसाहक्काची व अडीअडचणीच्या आधाराची अपेक्षाही असते. परतण्याची आशा सुटली, कीं ही दोरी सैल होते.

कधीं पैसा दिसत नाहीं, कारण तो पाठवावाच लागत नाहीं. वापी-उंबरगांवच्या कारखान्यांतून सायंकाळीं परतणारा, किंवा २०१३ सालीं डहाणू रोडपर्यंत आलेल्या उपनगरी गाडीनें ये-जा करणारा मजूर आपली कमाई खिशांतूनच आणतो. उलट, सागरी हद्दीवर बोट पाकिस्तानच्या ताब्यांत गेली, तर खलाशाच्या घरीं एका दिवसांत अंधार होतो. तेथें कृतघ्नतेचा प्रश्नच कोठें येतो?

म्हणून पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनीं मुलाला बोल लावण्यापूर्वीं त्याच्या डोक्यावर उचल किती आहे, तें विचारावें. मुलानेंही रक्कम थोडी असली तरी ठरल्या तारखेस धाडावी. अनिश्चित मोठ्या रकमेपेक्षां निश्चित लहान रकमेवर म्हातारपण अधिक निर्धास्त जातें. आणि ज्या सुशिक्षित कुटुंबांचीं घरें या हातांनीं बांधलीं जातात, त्यांनीं मजुरी वेळच्या वेळीं व प्रत्यक्ष मजुराच्याच हातीं पडते कीं नाहीं, एवढें तरी पाहावें. पाड्यावरची चूल पेटती राहणें त्यावरही अवलंबून आहे.