पणतीचं फ्रेंच नाव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली चोवीस वर्षं राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून रस्ते मोजतो आहे. गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता आमच्या घरच्या बारशाची हकिगत चिटणीसांना सांगितली. ते म्हणाले, "हेच पुढच्या वर्षी व्यासपीठावरून सांगा." म्हणून आजचा विषय : मुलीसाठी फ्रेंच नाव कसं निवडावं. हसू नका. आमच्या घरात यावर दोन महिने खल चालला होता.

माझी पुतणी फ्रान्समध्ये ग्रनोबल शहरात असते. जावईबापू तिथलेच, फ्रेंच. गेल्या वर्षी त्यांना मुलगी होणार हे कळलं आणि पुतणीचा फोन आला, "काका, नाव सुचवा. पण एक अट आहे. तिथल्या शाळेत बाईंना घेता आलं पाहिजे आणि आजीलाही घेता आलं पाहिजे." आजी म्हणजे माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर.

घरात सगळे कामाला लागले. दादाने सुचवलं 'हेमा'. जावईबापूंनी वाचलं 'एमा'. फ्रेंचमध्ये 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत. आणि एमा हे तर तिथलं अगदी घरोघरचं नाव! म्हणजे आपण हेमा म्हणून हाक मारायची आणि वर्गातल्या तीन एमांनी वळून बघायचं. वहिनींनी सुचवलं 'पूजा'. त्याचं झालं 'प्यूझा', कारण तिथे 'ज'चा 'झ' होतो आणि इंग्रजी 'यू' हे अक्षर ओठांचा चंबू करून इ आणि उ यांच्या मधलं काहीतरी म्हणून वाचतात. 'चारू'चं झालं 'शार्यू'. तेव्हा पहिला धडा मिळाला : नाव कागदावर सुंदर दिसून उपयोग नाही, ते ज्यांच्या तोंडी बसायचं त्यांच्याकडून आधी म्हणवून घ्यावं. लीला, माया, नीना, मीरा ही नावं मात्र दोन्हीकडे सरळ चालतात.

जावईबापूंच्या आईनेही यादी पाठवली. मार्गरित म्हणजे मूळ अर्थाने मोती. क्लेर म्हणजे स्वच्छ, उजळ. सोफी म्हणजे ज्ञान. व्हिक्तवार म्हणजे विजया. एमे म्हणजे प्रिया. रने म्हणजे पुन्हा जन्मलेली. मला वाटलं, अरे, ही तर आपलीच नावं, फक्त कपडे वेगळे! त्या यादीत एक नाव होतं देझिरे. अर्थ, हवीशी. जिची इच्छा धरली ती. ते वाचून मी जरा थांबलो. आपल्या मुलखात मुलगी नको म्हणून तिचं नाव 'नकोशी' ठेवलेलं आपण ऐकलं आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. एका शब्दात मुलीला आयुष्यभर कळतं की घरात तिची वाट पाहिली होती की नाही.

आता तिथल्या कायद्याकडे येतो. मी सरकारी माणूस, त्यामुळे मला नियम वाचायची खोड आहे. १८०३ साली, नेपोलियनच्या अमलात, फ्रान्सने कायदा केला की मुलांची नावं प्रचलित पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींचीच असावीत. पंचांग म्हणजे संतांचं. तिथे जवळजवळ प्रत्येक तारखेला एका संताचं नाव असतं. १३ डिसेंबर ल्यूसीचा, २५ नोव्हेंबर कातरीनचा. त्या दिवशी त्या नावाच्या बाईला लोक शुभेच्छा देतात. वर्षअखेरीस पोस्टमन दारोदार असं कॅलेंडर घेऊन येतो आणि बक्षिशी नेतो. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयासारखंच ते घरात लागतं.

या कायद्यामुळे पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोकांना आपल्या जुन्या ब्रेटन भाषेतली नावं ठेवणंही अवघड होतं. एका कुटुंबाने त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. १९६६ मध्ये नियम सैल झाले आणि जानेवारी १९९३ च्या कायद्याने आईवडिलांना हवं ते नाव ठेवायची मोकळीक मिळाली. पण एक वेसण ठेवली. नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर नोंदणी अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि न्यायाधीश ते नाव रद्द करू शकतो. वालाँसिएन गावात एका जोडप्याने मुलीचं नाव 'नुटेला' ठेवलं होतं, त्या ब्रेडला लावायच्या चॉकलेटच्या नावावरून. २०१४ साली कोर्टाने ते बदलून 'एला' केलं. का, तर पोरगी चेष्टेचा विषय होईल.

आणखी एक अडचण आली. तिथे जन्म झाल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते. चुकली तर कोर्टाची पायरी. आपल्याकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची, आणि नाव मागाहून वर्षभरात विनाशुल्क, किंवा शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही घालता येतं. आपल्या निवांत स्वभावाला शोभेल असाच कायदा! पण पाच दिवसांत नाव म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं बाई, मग बाराव्या दिवसाचं बारसं कशाचं करायचं?"

इथे थोडं मागे जाऊन आईबद्दल सांगतो.

आईचं माहेरचं नाव उषा. तिच्या आत्याने कानात कुर्र करून ठेवलेलं. लग्नात सासरी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मालती' लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून उषा संपली. आम्ही मुलं तिला आई म्हणत होतो, म्हणून आम्हाला त्यात काही वाटलं नाही. वडील गेले आणि फॅमिली पेन्शनचे कागद करायची वेळ आली. वडिलांच्या सर्व्हिस बुकात पत्नी मालती. वयाचा पुरावा म्हणजे मॅट्रिकचं प्रमाणपत्र, त्यावर उषा आणि माहेरचं आडनाव. कार्यालयातल्या बाबूंनी सांगितलं, या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करा. शपथपत्र, दोन साक्षीदार, वर्तमानपत्रात जाहिरात. सात महिने गेले. शेवटच्या खेपेला जिना उतरताना आई एवढंच म्हणाली, "माझं खरं नाव कोणतं, हे आता त्यांना ठरवायचंय."

मी त्या बाबूंवर रागावलो होतो. पण खरं सांगतो, रात्री झोप आली नाही. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणात घरांची यादी करताना एका म्हातारीच्या कागदावर मीच शेरा मारला होता, 'नाव जुळत नाही'. तीसुद्धा कुणाची तरी उषा असेल. तिने किती जिने चढले, मी विचारलं नाही.

हे सगळं पुतणीला माहीत होतं. ती म्हणाली, "काका, इथे असं होत नाही." मी वाचून पाहिलं. क्रांतीच्या काळात, ऑगस्ट १७९४ मध्ये, फ्रान्सने कायदा केला की जन्मनोंदीत जे नाव आहे त्यापेक्षा वेगळं नाव कोणीही धारण करायचं नाही. तिथेही बायका लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावतात, पण ती वापरायची सोय आहे. कायद्याने तिचं जन्माचं नाव तिचंच राहतं, आणि पहिलं नाव बदलण्याचा तर प्रश्नच नाही. थोडक्यात, आपण जे पाच दिवसांत ठरवू ते त्या मुलीला जन्मभर पुरायचं.

मग 'ऑरोर' हे नाव पुढे आलं. ऑरोर म्हणजे पहाट. उषा! सुचवलं कुणी, तर जावईबापूंनी. आजीचं मूळ नाव काय आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांनी पुतणीला विचारून घेतलं होतं. हे नाव तिथे जुनं आहे. जॉर्ज सँड या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखिकेचं, जी १८०४ साली जन्मली, खरं नाव ऑरोर. तिच्या आजीच्या नावातही ऑरोर होतं आणि पुढे तिच्या नातीचं नावही ऑरोर ठेवलं गेलं. आजीचं नाव नातीला द्यायची हौस फक्त आपल्यालाच आहे असं मी समजत होतो.

व्हिडिओ कॉलवर आईला नाव सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "अरोरा? ते तर पंजाब्यांचं आडनाव! आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे." आम्ही सगळे हसलो. फ्रेंच 'र' घशातून येतो, गुळणी केल्यासारखा. तो आईला काही जमेना. म्हणजे पुतणीच्या अटीतला अर्धा भाग नापास.

उपाय तिथल्या कायद्यातच निघाला. फ्रान्समध्ये मुलाला दोन-तीन नावं एकदम देता येतात, आणि नोंदीतलं कोणतंही नाव रोजच्या वापरासाठी घेता येतं. म्हणून नोंद झाली 'ऑरोर उषा'. उषा लिहिताना सुरुवातीला नुसतं 'यू' न घालता त्याच्या आधी 'ओ' जोडला, म्हणजे तिथला माणूस 'ऊशा' असंच वाचतो. मोठी झाल्यावर तिला जे आवडेल ते ती लावेल. कुणाला विचारायला नको.

काही नातेवाईकांनी नावं ठेवली. मराठी घरात फ्रेंच नाव? दोन-अडीचशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या आपल्या लोकांनी हा प्रश्न जरा जपून विचारावा. आपल्यातले किती काळे सरकारी कागदावर 'काले' झाले? हिंदी बाबूला 'ळ' सापडला नाही आणि आपणही आग्रह धरला नाही.

याच शिंद्यांच्या फौजेतली एक गोष्ट आहे. महादजींच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या तो डी बॉयन मूळचा शांबेरीचा. हे गाव ग्रनोबलच्या जवळच आहे. तिथे त्याच्या स्मरणार्थ १८३८ सालचं चार हत्तींचं कारंजं आहे. हत्ती फक्त पुढून अर्धे, मागचा भाग नाहीच. पुतणीने फोटो पाठवला तेव्हा मला ग्वाल्हेर दिसलं. या डी बॉयनची बेगम होती नूर, आणि मुलगी बानू. ती युरोपात गेली आणि नूरची 'हेलन' झाली, बानूची 'आन'. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. नूर बेगम इंग्लंडात हेलन बेनेट म्हणून राहिली आणि १८५३ साली तशीच गेली. त्या बाईला तिच्या मूळ नावाने हाक मारणारं तिथे कोण उरलं असेल?

मला एवढंच म्हणायचं आहे. मुलीचं नाव फ्रेंच असो, हिंदी असो की मराठी, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तिच्या आधीच्या नावावर बोळा फिरवला की. बानूची आन झाली तेव्हा बानू पुसली गेली. मालती आली तेव्हा उषा गेली. आमच्या पणतीच्या नोंदीत ऑरोर आली आणि उषा परत आली. आपल्या मंडळातल्या तरुण मुलांना माझी हात जोडून विनंती आहे, तांदळाच्या ताटात बायकोचं आहे तेच नाव लिहा. अंगठी तीच, तांदूळ तेच, विधीला कसलीच बाधा येत नाही. आणि ज्यांच्या आया-सासवांची दोन नावं आहेत त्यांनी त्या हयात असताना कागद एकसारखे करून घ्या. माझ्यासारखा कुणी शेरा मारायच्या आत.

बारसं बाराव्या दिवशीच झालं. आत्या कोण? जावईबापूंची बहीण! तिला बिचारीला मान आहे हे माहीतच नव्हतं. पुतणीने समजावलं, तशी ती खास आली, पाळण्यावर वाकली आणि कानात 'कुर्र' करायला गेली. मराठी माणसाला जे जमत नाही ते तिला आपोआप जमलं, तो 'र' थेट घशातून आला. इकडे पडद्यासमोर घुगऱ्यांची वाटी घेऊन आई बसली होती. तिने चष्मा पुसला आणि हाक मारली, "उषे!"

साठ वर्षांत आमच्या घरात ती हाक कुणी ऐकली नव्हती. बाळाने अर्थातच लक्ष दिलं नाही, ते झोपलं होतं.