तिखट-मिठाची वॉफले

(मंडळाच्या वर्धापनदिनी पाकक्रियेच्या प्रात्यक्षिकापूर्वी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वॉफलांवर बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. जिने सारा जन्म आयते घालण्यात काढला, तिने वॉफलांवर काय बोलावे? शहरात त्यांची दुकाने निघाली आहेत, तेथे ती चॉकलेट ओतून देतात आणि मुले ती उभ्याउभ्या खातात, एवढेच मला ठाऊक होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी दिवाळीपासून होताहेत, अन् तुमच्या सासूबाई आवडीनं खातात, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. तेच सांगा." तेव्हा घरचेच सांगते. थोडे लांबले तर खुशाल थांबवा.

आपला भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. घरात दुसरे काही नसले तरी तांदळाची कणी असते, आणि कणी असली की आयते आलेच. कोकणात घावन म्हणतात, देशावर धिरडे म्हणतात. तवा एक आणि पीठही बहुधा एकच. पण आयत्याचा एक स्वभाव आहे. तो तव्यावरून थेट ताटातच पडला पाहिजे. एकावर एक रचून ठेवला की वाफ धरतो, मग चिवट होतो, आणि घरची माणसे तोंडाने काही म्हणाली नाहीत तरी ताटातला तुकडा बाजूला सारतात. म्हणून आयत्याच्या दिवशी एक बाई तव्यापाशी आणि बाकी सगळे पाटावर, ही ठरलेली मांडणी. ती बाई आमच्या घरी चाळीस वर्षे सासूबाई होत्या. पुढे मी झाले.

सासूबाईंचा आयता मी पाहिलेला आहे. सगळ्यांची जेवणे झाली की त्या भांड्याच्या कडेचे पीठ पाणी घालून खरवडून घेत, त्याचा एक पातळ, फाटका आयता घालीत, आणि चुलीपाशीच बसून मिठाबरोबर खात. भाजी संपलेली असे. वरणाच्या तळाशी राहिलेले पाणी असे. रोवण्याच्या दिवसांत तर दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावून आल्यावरही क्रम हाच. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही. मीही पुढे तेच केले, आणि कोणी विचारले तर "मला मागूनच जेवायला आवडतं" असे सांगत असे.

येथे एक आकडा सांगते, कारण तो माझ्या मनातून जात नाही. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. केवळ मागून जेवल्याने ती येते असे मी म्हणत नाही. पण मागून जेवणारीच्या वाट्याला भात उरतो, डाळ उरत नाही, हे आपण सर्वजणी पाहत आलो आहोत.

आता वॉफल. गेल्या दिवाळीला माझी सून पुण्याहून आली ती विजेवर चालणारे यंत्र घेऊन. दोन जाड तवे बिजागरीने जोडलेले, आतून चौकटी-चौकटी. ही काही आजची युक्ती नव्हे. युरोपात कित्येक शतकांपूर्वी लांब दांड्यांचे लोखंडी साचे विस्तवावर धरून अशी वॉफले करीत. डच लोकांबरोबर ती अमेरिकेत गेली, आणि तेथे १८६९ साली ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वॉर्टवाउट या गृहस्थाने चुलीवर ठेवून उलटता येईल अशा साच्याचे पेटंट घेतले. त्या देशात गोड पाक घालून खातात, तसे तिखट सालनाबरोबरही खातात. तेव्हा वॉफल गोडच असले पाहिजे असा काही नियम नाही.

पहिल्या दिवशी मी शहाणपण केले. म्हटले, पीठ तेच, साचा वेगळा. आणि आयत्याचे पातळ पीठ त्यात ओतले. ते चहूबाजूंनी ओट्यावर वाहिले. जे आत राहिले ते मी दोन मिनिटांत उघडून पाहिले, तर अर्धे वरच्या तव्याला आणि अर्धे खालच्या. बांबूच्या काडीने चौकटी कोरीत बसले. सून हसली नाही, हे तिचे मोठेपण. दुसऱ्या दिवशी पीठ बरे जमले, तर वीज गेली. यंत्रात घातलेले पीठ तसेच राहिले आणि आमच्या इन्व्हर्टरला ते यंत्र ओढवेना. मग मी मुलाला सांगून गॅसवर ठेवावयाचा, दांड्याचा साचा मागविला. आज येथे आणला आहे तो हाच. खेड्यापाड्यात हाच सोयीचा.

कृती ऐका. तांदूळ किंवा कणी दोन वाट्या, मुगाची डाळ पाऊण वाटी, उडदाची डाळ पाव वाटी. एचएमटीसारखा बारीक तांदूळ यासाठी दळू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून, पुढे वर्षानुवर्षे निवडून तो वाण तयार केला; तो भातालाच शोभतो. येथे जाडा तांदूळ किंवा कणी उत्तम. लाखोळीची डाळ घालू का, असे कोणी विचारील. मी घालीत नाही. लाखोळी हेच मुख्य अन्न करून महिनोन्‌महिने खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हे जुन्या दुष्काळांत दिसून आले आहे. मुगाने काम होते, मग तो विचारच कशाला?

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या पाच तास भिजवा. वाटताना पाणी बेताचे. पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे; पळीतून धार न लागता गोळ्याने पडले पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडे तीन-चार तासांत ते आंबते, थंडीत रात्रभर ठेवा. आंबवावयास वेळ नसेल तर साच्यात घालण्याच्या आधी पाव चमचा खाण्याचा सोडा फेटून घाला. मग मीठ, वाटलेली मिरची-आले, जिरे, बारीक चिरलेला कांदा, मूठभर मेथी किंवा सांबार, आणि दोन चमचे तीळ. आमच्याकडे तिळाऐवजी जवस भाजून घालतात, तोही छान लागतो. शेवटी दोन मोठे चमचे तेल पिठातच घाला. हे तेल वाचवू नका. आयत्यापेक्षा तेल येथे जास्त लागते. ते कमी केले तर वॉफल साच्याला चिकटते, आणि मग काडी घेऊन बसावे लागते.

साचा दोन्ही बाजूंनी चांगला तापवा, तेलाचा हात फिरवा, मधोमध दीड पळी पीठ घाला आणि मिटा. पीठ कडेपर्यंत पसरवू नका, ते आपले आपण पसरते. मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-तीन मिनिटे. आरंभी फटीतून भरपूर वाफ येते. ती वाफ जवळजवळ थांबेपर्यंत साचा उघडावयाचा नाही. वाफ येते आहे याचा अर्थ आत अजून पाणी आहे. साऱ्या कृतीत एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

आणि काढल्यावर? ते ताटात किंवा पोळीच्या डब्यात ठेवू नका. पापड भाजण्याच्या जाळीवर उघडे ठेवा, एकावर एक नको. खालून हवा लागली की कुरकुरीत राहते. अर्ध्या-पाऊण तासाने जेवावयास बसताना कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर दोन्हीकडून शेकले की ताज्यासारखे होते. कॅलिफोर्नियात डोर्सा बंधूंनी १९५३ साली तयार वॉफले गोठवून दुकानात विकावयास ठेवली आणि लोकांनी ती घरी नेऊन गरम करून खाल्ली, ती याच गुणावर. आयत्याला हे साधत नाही.

हे माझ्या ध्यानात आले ते सुनेमुळे. भाऊबीजेच्या संध्याकाळी साडेसहाला मी साचा मांडला. एका बाजूला कढी उकळत होती. आठ वाजता दहा वॉफले जाळीवर तयार होती आणि गॅस बंद होता. मी सवयीने म्हटले, "बसा तुम्ही, मी वाढते." सून म्हणाली, "आई, वाढायचं काय राहिलंय? सगळं तर झालंय. बसा." खरेच, काही राहिले नव्हते. मला उभे राहावयास निमित्तच सापडेना.

मग सासूबाईंकडे वळलो. त्यांचे वय शहाऐंशी. "मी मागून बसते," त्या म्हणाल्या. माझ्या नातवाने त्यांचा हात धरून आणले, कारण त्याला त्यांच्याशेजारीच बसावयाचे होते. त्यांना दात नाहीत आणि वॉफलाची कड कडक. मी मनात म्हटले, आता ह्या उठतात. पण त्यांनी तुकडा मोडला, कढीत टाकला, आणि चौकटींत कढी भरून तो मऊ झाल्यावर खाल्ला. दोन खाल्ली. खाताना मात्र त्यांचे डोळे सगळ्यांच्या ताटांवरून फिरत होते, कोणाला काय हवे ते पाहत. आमचे हे पाण्यासाठी दोनदा इकडेतिकडे पाहून शेवटी स्वतःच उठले. तांब्या कोठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हते. तो सापडेपर्यंत आम्ही जेवत होतो.

जेवण झाल्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "पोरी, भाजी गरम होती." मला आधी उमगले नाही. मग उमगले, आणि मी भांडी आवरण्याच्या निमित्ताने आत गेले.

मी असे म्हणणार नाही की वॉफलाने वेळ वाचतो. दहा वॉफलांना तास लागतोच, आयत्यांहूनही थोडा जास्त. फक्त तो तास जेवणाआधी येतो. आणि साचा आणला की बाई आपोआप पाटावर बसेल, असेही नाही. पोळ्या तर आपण आधी करून ठेवतोच, तरी मागे राहतोच की नाही? कोणीतरी "बसा" म्हणावे लागते, आणि आपणही ते ऐकावे लागते. मला तर हे ऐकावयाला साठी उलटावी लागली. पण डाळ पिठातच वाटलेली असल्याने शेवटच्या वॉफलातही ती पहिल्याइतकीच असते, एवढे खरे. आता आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी वॉफले होतात, सकाळच्या न्याहरीला चहाबरोबर आणि रात्री कढीबरोबर. सासूबाई त्यांना "जाळीचा आयता" म्हणतात, आणि मलाही तेच नाव बरे वाटते.

साच्याची किंमत प्रत्येकीला झेपेल असे नाही. म्हणून हा साचा मी आज मंडळाला देत आहे. तो भांड्यांच्या कपाटात राहील. नेताना वहीत नाव लिहा, आणून देताना घासू नका, नुसता कोरड्या फडक्याने पुसा. घासला की पीठ धरतो. आता प्रात्यक्षिक दाखविते. पीठ सकाळीच वाटून आणले आहे, आणि मागच्या बायांना दिसत नसेल तर त्यांनी पुढे येऊन सतरंजीवर बसावे.