एका नावाचे दोन उमेदवार



शिनोलीचे मत आंबेगाव मतदारसंघात मोजले जाते. तेथे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी विजयी झाले. पराभूत देवदत्त निकम यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच नावा-आडनावाचा एक अपक्षही रिंगणात होता. त्याचे चिन्ह ट्रम्पेट, मते २,९६५. ती सारी चुकून पडली, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. अपक्षालाही स्वतःचा मतदार असतो. परंतु हा आकडा विजयाच्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे कसे विसरावे?

नामसाधर्म्याचा घोळ टळावा म्हणूनच २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आले. ते पाहावे, वडिलांचे नाव वाचावे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ तेथून हलू नये.

खरा अभ्यास मात्र आधी घरी व्हावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण शपथपत्रात खुले झाले. शिकलेल्या मुलांनी ती चावडीवर वाचून दाखवावीत. सर्वांची, केवळ विरोधकाची नव्हे. अक्षरओळख नसलेल्या आजीला तर चित्राचाच आधार. सारखी भासणारी दोन चिन्हे शेजारी ठेवून तिला फरक दाखविणे, हे काम नातवंडांचे आहे, प्रचारकाचे नव्हे.